नाताळच्या सुट्टीत वडील आणि मुलीसह: तंजावर की पुदुच्चेरी?

पंचगंगा

नमस्कार. डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात आम्ही चौघे कोल्हापूरहून तमिळ मुलखात जायचे म्हणतो आहोत. प्रवासाचा वेळ सोडून साधारण पाच दिवस हाती आहेत. तंजावर की पुदुच्चेरी, यावर घरात एकमत होत नसल्याने या धाग्यावर जाणकारांचा सल्ला मागतो आहे.

वडील निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी पुष्कळ वर्षे मोडी कागदपत्रे वाचण्याचा व्यासंग केला आणि तंजावरच्या भोसल्यांचे राज्य प्रत्यक्ष पाहावे ही त्यांची जुनी इच्छा आहे. गुडघ्यांमुळे त्यांना एका दमात फार चालवत नाही. मुलगी नववीत आहे, सतत चित्रे काढते, आणि तिला समुद्राकाठचे, रंगीत भिंतींचे पुदुच्चेरी हवे आहे. पत्नीचे म्हणणे एवढेच आहे की शहर कोणतेही असो, रोज सामान बांधून नव्या हॉटेलात जाणे नको. आधी दिवाळीत जाण्याचा विचार होता, परंतु ईशान्य मोसमी पावसाचा जोर तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच असतो हे कळल्यावर तो बेत सोडला.

दोन्ही शहरे पाहिलेल्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे. नुसत्या प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या सगळीकडे मिळतात. त्या त्या गावात दिवस कसा जातो, हे मला जाणून घ्यायचे आहे.

मिरज_जंक्शन

प्रवासापुरते सांगतो. दादरहून पुदुच्चेरीला जाणारी चालुक्य एक्सप्रेस आठवड्यातून तीन दिवस पुणे, मिरज, बेळगाव, हुबळी, बंगळूर या मार्गाने धावते, त्यामुळे तुम्हाला मिरजेला बसून गाडी न बदलता थेट पुदुच्चेरी गाठता येईल. तंजावरसाठी याच गाडीने विलुपुरमला उतरावे. तिथून चिदंबरम, मयिलादुथुराई, कुंभकोणम या मार्गाने तंजावरला जाणाऱ्या गाड्या मिळतात, किंवा टॅक्सी केल्यास चार तासांच्या आसपास वेळ लागतो. विमानाने जायचे असेल तर तंजावरला तिरुचिरापल्लीचा विमानतळ सर्वांत जवळचा, म्हणजे रस्त्याने तास-सव्वा तासाच्या अंतरावर आहे. नाताळच्या आठवड्याचे आरक्षण उघडल्याबरोबर भरते, तेव्हा शहराचा निर्णय लांबला तरी तिकिटे आधी काढून ठेवा. विलुपुरम दोन्हीकडे चालते.

निळाई

मी नोकरीनिमित्त काही वर्षे पुदुच्चेरीत राहिले आहे, म्हणून आपल्या मुलीची बाजू मांडते.

हे शहर पायी फिरण्यासाठीच आहे. समुद्राला समांतर गेलेल्या एका कालव्याने गावाचे दोन भाग केले आहेत. पूर्वेला फ्रेंचांची वस्ती आणि पश्चिमेला तमिळ वस्ती. फ्रेंच भागात पिवळट रंगाच्या उंच भिंती, त्यांवरून ओघळणारी बोगनवेल आणि कोपऱ्यांवर निळ्या पाट्या, हे सर्व छायाचित्रांतून आपण पाहिलेलेच असेल. तमिळ भागातील जुनी घरे मात्र मला अधिक आवडतात. रस्त्यालगत लाकडी खांबांवर पेललेला ओटा असतो, जाणाऱ्या-येणाऱ्याने घटकाभर टेकावे म्हणूनच तो बांधलेला. काही घरांत तळमजला तमिळ धाटणीचा आणि वरचा मजला फ्रेंच कमानींचा दिसतो. चित्र काढणाऱ्या मुलीला सकाळी सात वाजता अशा एका गल्लीत बसवले, तर दोन तास ती कोणाला हाक मारणार नाही. शिवाय आपण जाणार तेव्हा मार्गळी महिना, म्हणजे आपला धनुर्मास चालू असेल. त्या महिन्यात दारोदारी मोठमोठे कोलम घातले जातात आणि कित्येक ठिकाणी रांगोळीच्या मध्यावर शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचे पिवळे फूल खोचलेले असते.

वडिलांनाही इथे परके वाटण्याचे कारण नाही. श्रीअरविंद ४ एप्रिल १९१० रोजी पुदुच्चेरीला आले आणि १९५० साली देह ठेवीपर्यंत इथेच राहिले. त्याआधी, १८९३ ते १९०६ अशी तेरा वर्षे ते बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या चाकरीत होते, मराठी शिकले होते, आणि त्यांना ध्यानाचा मार्ग दाखवणारे विष्णु भास्कर लेले हेही महाराष्ट्रीयच. आश्रमातील फुलांनी झाकलेल्या समाधीपाशी पूर्ण शांतता पाळली जाते. कवी सुब्रमण्य भारती इंग्रजांच्या अटकेपासून वाचण्यासाठी १९०८ मध्ये या फ्रेंच हद्दीत येऊन राहिले. त्यांचे घर आता संग्रहालय आहे. टिळकांना मानणाऱ्या या कवीचे घर पाहताना आपल्या वडिलांना त्या काळाचे राजकारण नक्की आठवेल.

संध्याकाळी समुद्राकाठचा रस्ता वाहनांसाठी बंद होतो आणि सारे गाव तिथे फिरायला येते. सपाट रस्ता, बसायला जागोजागी कठडे आणि समोर समुद्र. गुडघे दुखणाऱ्या माणसाला याहून सोयीचे फिरणे कुठे मिळेल असे मला वाटत नाही. एक गोष्ट मुलीला आधीच सांगून ठेवा. या किनाऱ्यावर मोठमोठे दगड टाकलेले आहेत आणि समुद्राला ओढ आहे, त्यामुळे तिथे पोहता येत नाही. वाळूचे किनारे गावाबाहेर आहेत आणि तिथेही जपूनच उतरावे लागते.

मोडीवाचक

पंचगंगा, आपल्या वडिलांची इच्छा वाचली आणि लिहिल्यावाचून राहवले नाही. मी तंजावरला कागदपत्रांच्या निमित्तानेच जात आलो आहे.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७० च्या दशकात तंजावरची गादी स्थापन केली आणि १८५५ मध्ये दुसरे शिवाजी यांच्या निधनानंतर इंग्रजांनी ते राज्य खालसा केले. म्हणजे जवळजवळ एकशे ऐंशी वर्षे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात मराठी ही एका दरबाराची भाषा होती. त्यातील सर्वांत विलक्षण पुरुष म्हणजे दुसरे सरफोजी. १७९८ साली ते गादीवर आले, पुढल्याच वर्षी राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला आणि त्यांच्याकडे किल्ला तेवढा उरला. हाती सत्ता न राहिलेल्या या राजाने आपले आयुष्य विद्येला वाहिले. देवनागरी छापखाना काढला, काशीयात्रेहून हस्तलिखिते आणवली, युरोपीय भाषांतील हजारो ग्रंथ जमवले, आणि धन्वंतरी महालात डोळ्यांच्या रुग्णांवर उपचार करवून प्रत्येक रुग्णाच्या डोळ्याचे रंगीत चित्र व टिपण ठेवण्याची पद्धत घालून दिली. ही चित्रे सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहात आहेत. तांबारलेला डोळा, पडदा आलेली बाहुली, पापणीवरची गाठ असे सर्व इतक्या बारकाईने रंगवले आहे की आपल्या मुलीने ते अवश्य पाहावे.

बृहदीश्वर मंदिराच्या आवारात नैर्ऋत्येच्या बाजूला भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. १८०३ साली सरफोजींनी तो कोरवून घेतला. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, चोळांच्या मंदिरात, दगडावर ओळीमागून ओळ सलग मराठी वाचताना माझे डोळे भरून आले होते. आपल्या वडिलांना तिथे खुर्ची नव्हे, वेळ लागेल. त्यांना घाई करू नका.

एक सूचना करतो. ग्रंथालयातील मूळ हस्तलिखिते पर्यटकांना सरसकट हाताळायला मिळत नाहीत. संग्रहालयाच्या दालनात मांडलेले निवडक नमुने पाहता येतात. त्यापलीकडे अभ्यासासाठी काही पाहायचे असेल तर आधी पत्र लिहून परवानगी घ्यावी. नाताळच्या आठवड्यात सरकारी सुट्ट्या येतात, त्याही तपासून घ्याव्यात.

पंचगंगा

सर्वांचे मनापासून आभार. आता मनात असा विचार येतो की दोन्ही शहरे का करू नयेत? तीन दिवस तंजावर आणि दोन दिवस पुदुच्चेरी, असे जमेल का?

दक्षिणायन

जमेल, पण करू नका असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

दोन शहरांमधला रस्ता नकाशावर लहान दिसतो. प्रत्यक्षात खोली सोडणे, चार तासांचा प्रवास, नवी खोली मिळेपर्यंतची ताटकळ यांत एक पूर्ण दिवस जातो, आणि चिदंबरम वाटेतच आहे म्हणून तिथे थांबण्याचा मोह झाला तर वडिलांची ताकद त्या दिवसापुरती संपते. आपल्या पत्नीने मांडलेली अट सर्वांत शहाणपणाची आहे. ती मोडू नका.

दुसरा मुद्दा तारखांचा. पुदुच्चेरीत ३१ डिसेंबरसाठी चेन्नई आणि बंगळूरहून प्रचंड गर्दी येते. खोल्यांचे दर त्या आठवड्यात कडाडतात, फ्रेंच वस्तीतील अरुंद रस्ते गाड्यांनी भरतात, आणि निळाई यांनी वर्णन केलेली सकाळची निवांत गल्ली पहाटे साडेसहापुरतीच उरते. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिल या वसाहतीतले मातृमंदिर, म्हणजे तिथले ध्यानगृह, बाहेरून पाहण्यासाठी स्वागत केंद्रापासून सुमारे एक किलोमीटर चालावे लागते. परतताना वाहन मिळते, वयस्कर व्यक्तींसाठी जातानाही सोय होऊ शकते, परंतु तशी विचारणा आधी केलेली बरी. आत बसून ध्यान करायचे असेल तर आगाऊ नोंदणी लागते आणि नाताळात ती मिळणे कठीण. याच पुदुच्चेरीला फेब्रुवारीत गेलात तर शहर आपले होऊन भेटते.

पावसाबद्दलही लिहितो, कारण डिसेंबरअखेर म्हणजे पाऊस संपला असे धरून चालता येत नाही. ३० नोव्हेंबर २०२४ च्या रात्री फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळच किनाऱ्यावर आले आणि चोवीस तासांत तिथे ४५ सेंटिमीटरहून अधिक पाऊस पडला. २०११ साली तर ठाणे नावाचे चक्रीवादळ ३० डिसेंबरला कडलूर-पुदुच्चेरीच्या पट्ट्यावर आदळले होते. असे दर वर्षी घडत नाही. तरीही आपल्याला पाचच दिवस मिळणार असतील, तर पाऊस आल्यास कुठे काय हाती उरते हा हिशेब करावा. पावसात समुद्राकाठचे शहर जवळजवळ बंद पडते. तंजावरला राजवाडा, कलादालन आणि ग्रंथालयाचे संग्रहालय छपराखाली आणि एकाच आवारात आहे.

कावेरीकाठ

मी कुंभकोणमचा. आमचे घराणे व्यंकोजीराजांच्या मागोमाग इकडे आले असे घरातले वडीलधारे सांगत. घरी आम्ही आजही मराठी बोलतो. तिच्यात तमिळ पुष्कळ मिसळली आहे, आणि हे लिखाण मी पुण्यात शिकलेल्या मराठीत करतो आहे.

महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांना मी एक गोष्ट नेहमी आग्रहाने सांगतो. तंजावरला केवळ मराठ्यांच्या खुणा शोधायला येऊ नका. तशा हेतूने आलेले बरेच जण राजवाडा पाहून खट्टू होतात, कारण त्याचा मोठा भाग मुळात मराठ्यांआधीच्या नायक राजांचा आहे, आणि पडझडीच्या खुणाही जागोजागी दिसतात. मग दोन तासांत मंदिर उरकून ते मदुराईची वाट धरतात. हे शहर आधी चोळांचे आहे. पहिल्या राजराजाने बांधलेले बृहदीश्वर १०१० मध्ये पूर्ण झाले, त्याचे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचे शिखर, साठ मीटरहून उंच आहे, आणि ते सारे ज्या ग्रॅनाइटचे आहे तो या गाळाच्या सपाट प्रदेशात सापडतच नाही, लांबून आणावा लागला. विमानाची सावली जमिनीवर पडत नाही असे वाटाडे सांगतात. ते खरे नाही, सावली व्यवस्थित पडते; या मंदिराला अशा कथेची गरजही नाही. भिंतींवर तमिळमध्ये कोरलेले लेख पाहा. राजाने, त्याच्या बहिणीने आणि राण्यांनी काय काय दिले याचा जमाखर्च त्यांत आहे, आणि मंदिरासाठी ठिकठिकाणांहून आणलेल्या चारशे नर्तकींची नावे, त्यांची मूळ देवळे आणि त्यांना दिलेली घरे यांची नोंद आहे. हजार वर्षांपूर्वीच्या या चारशे स्त्रिया नावानिशी ठाऊक आहेत, हे मला त्या उंच विमानाहून मोठे वाटते. सरफोजींचा मराठी लेख याच परंपरेत बसतो. चोळांनी भिंतीवर लिहिले, म्हणून भोसल्यांनीही लिहिले. तो लेख तेवढा वाचून परतणाऱ्याला त्याची अर्धीच गोष्ट कळते.

आपल्या मुलीसाठी दोन ठिकाणे सांगतो. राजवाड्यातील कलादालनात तिरुवेण्काडूचा वृषवाहन शिव आहे, चोळकाळातला, १०११ च्या सुमाराचा. पाय सहज तिरका टाकून तो नंदीला रेलून उभा आहे, केसांना सापांनी बांधून मुंडाशासारखे गुंडाळले आहे. नंदीची मूर्ती आता नाही. हात मात्र अजून तसाच हवेत टेकलेला आहे, आणि पाहणाऱ्याला तिथे नंदी दिसतो. दुसरे ठिकाण कुंभकोणमजवळचे स्वामिमलै. तिथले स्थपती आजही मेणाची मूर्ती घडवून, तिच्यावर कावेरीचा गाळ लिंपून, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओततात. मापासाठी नारळाच्या झावळीची पट्टी घेतात आणि तिला घड्या घालून मूर्तीचे प्रमाण ठरवतात. विनंती केली तर बसून पाहू देतात. वाटेतच दारासुरमचे ऐरावतेश्वर मंदिर आहे. बृहदीश्वराच्या तुलनेत ते लहान आहे, परंतु त्याचे बोटभर उंचीचे शिल्पपट पाहिल्यावर शिल्पी आणि सोनार यांत फरक उरला नव्हता असे वाटते. तंजावरहून निघून दारासुरम, स्वामिमलै आणि कुंभकोणमची कॉफी एका दिवसात, वडिलांना न दमवता होते.

निळाई

दक्षिणायन यांचा गर्दीचा मुद्दा मला मान्य आहे; नाताळच्या आठवड्यात मीही गावातल्या बाजारपेठेकडे फिरकत नसे. पण एका गोष्टीकडे सर्वांनी लक्ष द्यावे असे वाटते. या चर्चेत मुलीला काय पाहता येईल ते सर्वांनी सांगितले, तिला काय हवे आहे ते मागे पडले. नववीतल्या मुलीला दर वेळी कोणीतरी काहीतरी समजावून सांगत असते. पुदुच्चेरीत तिला कोणी काही समजावणार नाही. ती एकटी पन्नास पावले पुढे चालेल, बेकरीत स्वतःच्या मनाने काहीतरी मागेल, दगडावर बसून समुद्र पाहील. तंजावरला गेलात तर तिच्या दिवसातला असा मोकळा वेळ राखून ठेवा. प्रत्येक मूर्तीपुढे तिला व्याख्यान देऊ नका.

मोडीवाचक

निळाई यांचे म्हणणे अगदी रास्त आहे. पंचगंगा, मंदिरात वडील भिंतीवरचा लेख वाचत असतील तेव्हा मुलीला वही देऊन आवारात सोडून द्या. ते आवार इतके प्रशस्त आहे की ती नजरेच्या टप्प्यात राहूनही एकटी असेल.

पंचगंगा

काल रात्री हा सगळा धागा घरात मोठ्याने वाचून दाखवला. निर्णय तंजावरचा झाला आहे आणि तो कसा झाला ते लिहिणे मला आवश्यक वाटते.

पुदुच्चेरी कमी आहे म्हणून आम्ही ते वगळले नाही. आम्ही जाणार तो आठवडा त्या शहराचा नाही, एवढेच. शिवाय पुदुच्चेरीला वडिलांशिवायही जाता येईल, तंजावरला त्यांच्याशिवाय जाण्यात आम्हा उरलेल्यांना निम्मेही कळणार नाही, आणि त्यांच्या गुडघ्यांचा विचार करता हा प्रवास आणखी पुढे ढकलणे मला योग्य वाटत नाही. मुलीला सर्वांत पटले ते वृषवाहनाचे वर्णन. तिने त्याचे छायाचित्र शोधले आणि नसलेल्या नंदीसह त्याचे रेखाटन करून पाहिले. ते जमले नाही म्हणून आता तिला मूर्तीच समोर बसून काढायची आहे. समुद्र मात्र तुम्ही मला देणे लागता, असे तिने ठणकावले आहे. तो फेब्रुवारीचा शब्द मी तिला दिला आहे. शाळेच्या परीक्षा पाहून तारीख ठरवू.

सर्व दिवस तंजावरलाच एका हॉटेलात मुक्काम करणार, स्वामिमलै-दारासुरम एक दिवस, आणि एक अख्खी दुपार कोणताही कार्यक्रम न ठेवता मुलीची. येता-जाता विलुपुरमची तिकिटे मिळाली आहेत. वडिलांनी ग्रंथालयाला पत्र धाडले आहे. आता एकच शंका उरली आहे. मंदिरात अनवाणी चालताना वडिलांना त्रास होईल का?

कावेरीकाठ

दुपारी होईल, सकाळी होणार नाही. मंदिर सकाळी सहाला उघडते, दुपारी साडेबाराला बंद होते आणि चारला पुन्हा उघडते. डिसेंबरातही अकरानंतर आवारातला दगड तापतो आणि चारला तो निवालेला नसतो. सकाळी साडेसहा-सातला जा, नऊ-साडेनऊपर्यंत बाहेर पडा. त्या वेळी गर्दीही नसते. दुसरी फेरी साडेपाचनंतर करा. जाड सुती मोजे बरोबर ठेवा. महाद्वारांचे दगडी उंबरे उंच आहेत, तिथे वडिलांचा हात धरा. मराठी लेखाची अक्षरे बारीक आहेत, म्हणून त्यांचा वाचण्याचा चष्मा हॉटेलात राहू देऊ नका. कुंभकोणमला याल त्या दिवशी आधी इथे निरोप टाका. दुपारचे जेवण आमच्या घरी करू, आणि आईला आपल्या वडिलांशी मराठीत बोलायला फार आवडेल.